‘येतो’ म्हणून गेले ते

हाउन्सलो,
दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार, २००६

तीर्थस्वरूप नंदाताईंना,

मधुमतीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या कागदावरच). तुमच्या पायाची सूज उतरली असेल, भावोजींची शुगर ताळ्यावर असेल आणि साताऱ्यात लाइट जायची वेळ तरी आता ठरलेली असेल, अशी आशा करते. इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे मी आहे, तुमचे धाकटे बंधुराज आहेत, आणि दोघं अजून एकाच घरात आहोत.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला विचारलंत, मे महिन्यात इटलीची टूर आहे, विनयबरोबर जाशील ना गं? मी ‘बघू’ म्हणून वेळ मारून नेली, कारण हे बाजूच्याच खोलीत पेपर वाचत बसले होते (तुमचा फोन संपेपर्यंत एकही पान उलटलं नाही). आता सविस्तर लिहिते. उत्तर ‘नाही’ असं आहे. का, ते ऐका.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून समरने आम्हाला कोचची टूर भेट दिली. ब्रसेल्स, अॅमस्टरडॅम, कलोन, पॅरिस. पोरानं हौसेनं दिली, त्याला नावं ठेवत नाही. ब्रसेल्सला भर पावसात गर्दीत उभं राहून एका शू करणाऱ्या पोराचा वीतभर पुतळा पाहिला. आपल्याकडे हे कोणत्याही भिंतीपाशी दिसतं, त्यासाठी कोणी व्हिसा काढत नाही. पण यांनी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. अॅमस्टरडॅमला कालव्यातून बोटीने हिंडलो. दोन्ही काठांना झाडं पिवळी-तांबडी झालेली, पानं पाण्यात पडत होती, फार सुंदर होतं. मी म्हटलं, अहो, बघा तरी. तर हे कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाले, घरी गेल्यावर बघू. घरी आल्यावर पाहिलं. त्यात माझं कोपर आहे.

कलोनची मात्र मला खरंच ओढ होती. रोज विमानतळावरच्या दुकानात उभी राहून मी लोकांच्या मनगटावर कलोन फवारते, तर त्या नावाचं गाव एकदा बघावं, एवढीच माझी हौस. (माझी हौस यांना ठाऊक असण्याचं कारण नाही, कारण ती तुम्हाला ठाऊक नव्हती. याचा खुलासा पुढे येईल.) तिथल्या त्या प्रचंड चर्चसमोर पायऱ्यांवर मी जरा टेकले, बूट सैल केले. हे उठले, पँट झटकली, म्हणाले, “येतो गं,” आणि गेले.

आता ताई, तुम्हीच सांगा, ‘येतो’ म्हणून गेलेल्या माणसाचं काय करतात? वाट बघतात. मी बघितली. कॉफी घेतली, तीही संपली. तिकडे हे सरळ कोचमध्ये जाऊन बसले होते. यांचं म्हणणं, येतो म्हणजे निघतो. तू मागून यायचंस. ‘जातो’ म्हणायचं नाही असं लहानपणी ताईनं पाठीत धपाटा घालून शिकवलंय, मग मी दुसरं काय म्हणणार? म्हणजे बघा, तुमचा संस्कार साताऱ्यात झाला आणि तो मला जर्मनीत लागला. गाइडने विचारलं, मिसेस आल्या का? यांनी शेजारच्या सीटकडे नजर टाकली, तिथे माझा कोट होता, म्हणाले, यस. कोच सुटला. (समरला सांगितलं तर म्हणतो, “मम्मी, पप्पा बॅड नाही आहे, त्याचा भाषा बॅड आहे.” त्याचा स्वतःचा भाषा कसा आहे, ते तुम्ही जाणताच.)

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने ऐका. यांच्या खिशात मोबाइल, माझ्या पर्समध्ये मोबाइल. बायको नाही हे लक्षात आल्यावर या गृहस्थांनी फोन कुणाला लावला? साताऱ्याला. मी आपली मजेत कबुतरं बघत बसलेय, तोच तुमचा फोन, “अगं मधुमती, तू हरवलीस म्हणे?” मी हरवले आहे हे मला तेव्हा कळलं. मला घ्यायला टॅक्सीतून गाइड आला. हे बॅगा सांभाळत हॉटेलवर थांबले होते. मी दारात उभी राहिल्यावर म्हणाले, “आलीस?” त्याचं मला वाईट वाटलं, ताई. अजून वाटतं. त्यानंतर आम्ही बोलत नव्हतो, त्यामुळे पॅरिस मात्र निवांत बघून झालं.

आता तो खुलासा. मुलगी पसंत असल्याचं आमच्या घरी तुम्ही सांगितलंत. लंडनला यायला तयार आहेस का, हेही तुम्हीच विचारलंत. हे घर घेताना मला बाग हवी का, हा प्रश्न हाउन्सलोहून साताऱ्याला गेला आणि तिथून माझ्याकडे आला, तेव्हा मी यांच्यासमोर भाजी निवडत बसले होते. तुमच्याबद्दल तक्रार नाही, तुम्ही प्रत्येक वेळी माझ्याच बाजूने बोललात. पण सोफ्यापासून स्वयंपाकघरापर्यंतचा रस्ता साताऱ्यावरून जातो, हे मला आता पटेनासं झालंय. तेव्हा इटली नाही. त्यांना तसं कळवा.

दिवाळीच्या फराळाला तुमच्या चिरोट्यांची आठवण येईल. भावोजींना नमस्कार.

तुमची,
मधुमती

ता. क. : कळवाल तेव्हा फक्त एवढंच म्हणा, “ती माझं ऐकत नाही, तूच विचार.” त्यापुढे एक अक्षर बोलू नका. मे महिन्याची रजा मी मागच्याच आठवड्यात टाकली आहे आणि चालायचे नवे बूट लॉफ्टमध्ये आहेत, हे तर मुळीच नको.

ता. क. २ : हे आत्ता दाराशी येऊन उभे राहिले. ताईला लिहितेयस का म्हणाले. मी हो म्हटलं. जरा वेळ पडद्याची दोरी ओढत राहिले, मग माझ्याकडे बघून (खरंच बघून, कॅमेरा नव्हता) म्हणाले, “मग तिला लिही, मधूला विचार म्हणावं, इटलीला येशील का.”

एवढ्या जवळून मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. माझं उत्तर हो आहे. पण जाऊ दे ते तुमच्यामार्फतच. फोन करू नका, पत्र टाका, तेही साध्या टपालाने.

म.