लग्नातल्या वजनाचा नवस

।। श्री ।।

महाड,
२० मे २०२४

ती. ताईस,
पूनमचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. फोनवर बोलायचं तर तुला शाळेच्या ओट्यावर रेंजला उभं राहावं लागतं आणि तिथे अर्धं कापडे गाव कान लावून बसलेलं असतं, त्यापेक्षा आपली ही पत्रं बरी. आमच्या पोस्टमनला मात्र वाटतं की मी कुठल्या तरी कोर्टकचेरीत अडकले आहे.

तू विचारलंस, ऑपरेशनला सव्वा वर्ष होऊन गेलं, आता वजन किती. एकशे बारावर सुरुवात केली होती, आज ब्याण्णव आहे. गेले तीन महिने काटा जागचा हललेला नाही. सासरची, किरणची मावशी आली होती, ती तोंडावरच म्हणाली की एवढा पोटात पट्टा बसवून घेतलास तरी आहेस तशीच दिसतेस. मी तिला हसून बिनसाखरेचा चहा दिला.

तुम्ही सगळ्यांनी तिकडे काय समजून घेतलंय देव जाणे, म्हणून नीट लिहिते. जठराच्या वरच्या तोंडाशी एक पट्टा बसवला आहे. त्यामुळे थोडं खाल्लं की पोट भरतं. कातडीखाली बटणासारखं काहीतरी आहे, त्यातून सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो आणि काढलं की सैल होतो. चरबी कापून काढलेली नाही. घास अगदी पीठ होईपर्यंत चावावा लागतो, आणि भात तर गोळा होऊन अडकतो, म्हणून तो बंदच आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की जास्तीचं जेवढं वजन आहे त्यातलं साधारण निम्मं उतरेल, तेही दोन वर्षांत. पंच्याऐंशीच्या आसपास थांबाल, ते टिकवलंत तर उत्तम झालं समजा, आणि पुढे त्यातलंही थोडं परत येईल.

माझी साखर ताब्यात आली. शिवणाच्या दुकानाचा जिना मी आता मध्ये न थांबता चढते. मला हे पुष्कळ आहे गं. गिऱ्हाइकांची मापं घेताना कधी कधी उगाच रडू येतं, ते वेगळं. आईला यातलं समजेल तेवढं सांग. आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
पूनम

---

कापडे,
२ जून २०२४

चि. सौ. पूनम हिस,
ताईचे अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. वीस किलो म्हणजे माझ्या अंगणवाडीतली दोन पोरं तू अंगावरून उतरवलीस की! माझा कारभार तुझ्या उलट. एखाद्याचं वजन पाव किलोने वाढलं की मी त्याच्या आईइतकीच हरखते. तुला माझ्याकडे प्रवेश नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आता खरं काय ते लिहिते. लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. भाऊ म्हणून एक सुनील, तो बायको-पोरांसह मुंबईला, आई वरच्या वाडीवर एकटी, हे तुला ठाऊकच आहे. मी आठवड्याला एकदा चढून जाते. मागच्या आठवड्यात तिच्यासाठी डबा नेला होता. तिने आमटी ठेवून घेतली आणि भात कोंबड्यांपुढे टाकला. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी तिने काळकाई देवीला नवस केला आहे. पूनम लग्नातल्यासारखी झाली की शिमग्यात सहाणेच्या चौथऱ्यावर, पालखीसमोर, तिच्या वजनाएवढ्या गुळाची तुला करीन आणि तवर भाताला शिवायची नाय, असं ती गावकीसमोर बोलून बसली आहे.

म्हणजे सव्वा वर्ष ती नाचणीच्या पेजेवर आहे. भाकरी चावायला दाढा कुठे आहेत तिला? आपण भातावर वाढलेली माणसं. मी रागावले, तर म्हणाली की लेक पोट बांधून घेते, मग आईने भात सोडला तर काय मोठं केलं.

तुझ्या पत्रातला तो पंच्याऐंशीचा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. लग्नात तू किती होतीस गं? तब्येतीला जप. इकडची काळजी करू नकोस असं लिहिण्याची पद्धत आहे, पण मला ते खोटं लिहवत नाही.

तुझी,
माधुरीताई

---

महाड,
२५ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र हातात घेतलं की लिहायला सुचत नव्हतं.

लग्नात मी बावन्न किलोची होते. तेव्हा तेवीस वर्षांची होते, ताई. दोन बाळंतपणं झाली, थायरॉइडच्या गोळ्या लागल्या, आणि आता चाळिशी आली. बावन्नला परत नेणारा रस्ता या पट्ट्यात नाही, कुठल्याच ऑपरेशनात नाही. तरी डॉक्टरांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले की तुम्ही अगदी व्यवस्थित चालला आहात, आता याहून फार कमी व्हायची आशा धरू नका आणि घरच्यांनाही धरू देऊ नका. त्यांना काय माहीत, माझ्या घरच्यांनी आशा थेट देवीपाशी नेऊन ठेवली आहे.

मला आईचा राग आला. हे तुलाच लिहू शकते. माझं शरीर, माझी भूक, आणि तिचा हिशेब गावकीसमोर. मग रात्री ताट पुढ्यात आलं की तिची पेज आठवते आणि चार घासही जात नाहीत. मी गणपतीला येते आणि तिला समोर बसून सांगते. आहे त्या वजनाची तुला करा म्हणावं, मी बसेन. लोक हसले तर हसू देत. गूळ तेवढा जास्त वाटला जाईल, नाही का?

किरण आणि मुलं मजेत. मनातून उतरवू नकोस.

तुझी,
पूनम

---

कापडे,
२० ऑक्टोबर २०२४

चि. सौ. पूनम हिस,
अ. उ. आ.

गणपतीत तू आईला इतकं समजावून सांगितलंस, तिने मान डोलावली, आणि आपल्या दोघींना वाटलं की सुटलो. कसलं काय! तू परत गेलीस आणि तिने त्यातून आपला अर्थ काढला. पूनमचं वजन अडलं म्हणजे माझंच काहीतरी कमी पडतं, देवीला एवढ्याने पुरत नाय, असं म्हणते. आता दिवसातून एकदाच जेवते. आपण खरं सांगायला गेलो आणि तिचं रात्रीचं जेवण घालवून बसलो.

मी देवळातल्या सखा गुरवालाही भेटले. तो म्हणाला की ज्याने नवस बोलला त्यानेच तो देवीपुढे मोकळा करून मागायचा असतो, दुसऱ्या कुणाच्या सांगण्याने होत नाही. आणि आई तर ऐकायलाच तयार नाही.

पूनम, मला त्यातलं कळत नाही, तू रागावू नकोस. पण ते पाणी आणखी थोडं भरता येत नाही का? नुसतं शिमग्यापुरतं. नंतर सैल करून घे. देवी काय किलो मोजत बसणार आहे? जराशी तशी दिसलीस तरी आईचं समाधान होईल. तिला आता दिसतं तरी कितीसं. एकदा तुला झाली की ती भाताला बसेल. दुसरं काही सुचत नाही म्हणून हे लिहिते.

उलट टपाली लिही. राग आला असला तरी लिही.

तुझी,
माधुरीताई

---

महाड,
१२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राग आला नव्हता. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांना खोटंच सांगितलं की हल्ली खूप भूक लागते, दोन चपात्या सहज जातात. त्यांनी पाणी भरलं आणि त्रास झाला तर लगेच या म्हणाले. महिन्याने बोलावलं होतं, ती तारीख मी चुकवली. गेले तर ते पाणी काढून घेतील.

आता एकोणऐंशी. दुकानात येणाऱ्या बायका कौतुक करून थकत नाहीत, काय खातेस म्हणून विचारतात. काय सांगू? काही खात नाही गं बायांनो. पातळ वरणसुद्धा कधी आत राहतं, कधी परत येतं. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं, म्हणून उशा रचून बसून झोपते. किरणला हे पटलेलं नाही. त्याने बोलणंच टाकलं आहे.

पण आईला सांग की उतरतंय. सांग, तिच्या जेवणाच्या वेळी सांग. शिमग्याला नऊवारी घेऊन येते, जरा घट्ट नेसव मला. गूळ सांगून ठेवायला हरकत नाही.

लोभ तुझा आहे म्हणूनच हे चाललंय.

तुझी,
पूनम

---

पुणे,
२२ फेब्रुवारी २०२५

ती. माधुरीताईंस,
किरणचा सा. न.

सुनीलला फोन केला होता, तुमच्यापर्यंत निरोप आला असेल. सविस्तर लिहावं म्हणून हे पत्र. मंगळवारी पूनमला पाण्याचा घोटही उतरेना आणि पोटात असह्य दुखू लागलं. तसंच पुण्याला आणलं. पट्टा जागचा सरकला होता आणि जठराचा वरचा भाग त्यात ओढला जाऊन अडकला होता. तातडीने ऑपरेशन करून पट्टा काढून टाकला. आता धोका नाही. काल तिने अर्धी वाटी मऊ भात खाल्ला.

पट्टा परत बसणार नाही. गेलेलं वजन बरंचसं परत येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी तिला एकच विचारलं की सगळं ठीक चाललं होतं, मग खोटं का सांगितलंत. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ताई, मी तुम्हाला दोष देत नाही. पण आईंना आता स्पष्ट सांगा. शिमग्याला आम्ही येत नाही. तुमची माया तिला हवी आहे, नवस नको.

आपला,
किरण

---

कापडे,
२० मार्च २०२५

चि. सौ. पूनम हिस,
ताईचे अ. उ. आ.

तुझ्या अंगात बळ येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

किरणचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. पाणी जातं ना आता तिला, एवढंच तिने तीन-चारदा विचारलं. दुसऱ्या दिवशी काठी टेकत एकटीच सखा गुरवाकडे गेली आणि कौल लावायला सांगितला. लेकीला यातून मोकळी कर, असं तिने देवीला मागितलं. फूल उजवीकडून पडलं, म्हणजे देवीने हो म्हटलं. मग गुरव म्हणाला की शब्द तुझा होता, तर तो तुझ्याच अंगाने फेड. म्हणजे तुला आईची.

पालखी सहाणेवर बसली तेव्हा मोठा तराजू टांगला होता. मी आणि गावातल्या दोघींनी आईला धरून पारड्यात बसवलं. गुळाच्या ढेपा मी अंदाजाने आणल्या होत्या. म्हातारं माणूस, चाळीस-पंचेचाळीस किलो तरी भरेल असं धरून चालले होते. पुरुष ढेपा ठेवू लागले. अर्ध्याहून थोड्या जास्त झाल्या आणि आईचं पारडं उचललं गेलं. ठेवणाऱ्याला वाटलं काहीतरी अडकलंय, म्हणून त्याने तराजू हलवून पाहिला. अडकलं काही नव्हतं. त्याने एक ढेप परत काढून घेतली, तेव्हा कुठे काटा सरळ झाला.

अठ्ठावीस किलो, पूनम. माझ्या हातून रोज पोरांची वजनं होतात. कुणाचं शंभर ग्रॅम घटलं तर मी त्याच्या घरी जाऊन आईला फैलावर घेते. आणि माझी आई दोन वर्षं माझ्या डोळ्यांदेखत झिजत होती. दर आठवड्याला मी तिच्या शेजारी बसून काय बोलत होते, तर तुझं किती उतरलं. ती विचारायची आणि मी सांगायची. लुगड्याच्या घड्यांखाली तिचं काय उरलंय, हे बघायचं मला सुचलं नाही. सुनीललाही सुचलं नाही, तुलाही नाही. आपण सगळे तुझ्याच काट्याकडे बघत बसलो होतो.

तुला झाल्यावर घरी आणून मी तिला ताट वाढलं. आपल्याच शेतातला तांदूळ, वर वरण, तूप. तिने दोन घास घेतले, तिसरा तोंडात घोळवला आणि हळूच बाहेर काढला. आता जात नाय गो, म्हणाली. आज सहावा दिवस, रोज असंच होतंय. पोलादपूरच्या सरकारी डॉक्टरांनी तपासलं. तपासताना त्यांचा चेहरा उतरला. सोमवारी महाडला आणते आहे, तिथे मोठ्या तपासण्या होतील. तू दारात उभी राहून रडू नकोस. ती तुलाच बघायला येते आहे, असं तिला वाटतंय.

जेवायला बसली की तिचा एकच प्रश्न असतो, पूनमला भात जातो का. मी सांगते की जातो, आता अगदी पोटभर खाते. तेवढ्यापुरती हसते, आणि ताट माझ्याकडे सरकवते.

माया आहे तशीच असू दे, यापुढे मला तिची फार गरज लागणार आहे.

तुझी,
माधुरीताई