तीन पदरी लोकरीचा स्वेटर

बाई, शाळा सुटली की मी तुमच्या खोलीवर यायचे. तुम्ही दाराशी उजेडाला बसलेल्या असायचात आणि आत तुमची म्हातारी आई तांदूळ निवडत असायची. आमच्या आळीतून तुमच्या वस्तीत येणारी मी एकटीच. तुम्ही शाळेत शिवण-विणकाम शिकवत होतात, म्हणून माझ्या आईने वडिलांकडून कशीबशी परवानगी काढली होती. दिवाळीनंतर ती बाळंत होणार होती आणि होणाऱ्या बाळासाठी मला स्वेटर विणायचा होता. परभणीहून आणलेली तीन पदरी पिवळी लोकर आणि मासिकातून फाडलेलं एक पान, एवढं घेऊन मी आले. पानावर नुसतं 'सु. २, उ. २' असं छापलेलं. मला वाटलं, सु म्हणजे सुया. तुम्ही हसला नाहीत. "सु म्हणजे सुलट टाका, उ म्हणजे उलट. दोन सुलट, दोन उलट घेत गेलं की किनार होती, अंगाला धरून बसती," असं म्हणत माझी बोटं हातात धरून पहिली ओळ घालून घेतलीत.

पानात बारा नंबरच्या सुया सांगितल्या होत्या. मी आत्याच्या आठ नंबरच्या घेतल्या. नंबर लहान म्हणजे सुई बारीक, बाळाला तेच बरं, असं मला वाटलं. आठ दिवसांत पाठीचा भाग विणून आणला. तुम्ही तो मांडीवर पसरलात आणि त्यातून तुमचं बोट आरपार गेलं. "स्वेटर हाय का जाळं? अगं, नंबर लहान तशी सुई जाड असती. विचारायचं न्हाई का? उसव समदं." मी रडत उसवतेय, तुम्ही लोकर गुंडाळताय. गुंडा झाल्यावर तुम्ही पेटीतून स्वतःच्या बारा नंबरच्या सुया काढून मला दिल्यात. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच."

मग ते दिवस आले. विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव दलित वस्त्यांना आगी लागत होत्या. एका दुपारी जेवताना वडील म्हणाले, "आजपासून बाईकडं जायचं न्हाई." आईने का म्हणून विचारलं. "उद्या लोक वस्तीत घुसणार हायेत. कुठं बोलायचं न्हाई." स्वेटर तुमच्याकडे होता. गळ्याचे टाके उचलून द्यायला तुम्ही ठेवून घेतला होता. वडील शेतात गेले तशी मी पळत तुमच्याकडे आले. तुम्ही भाकरी थापत होतात.

"स्वेटर द्या, बाई."

"एवढी काय घाई? गळा ऱ्हायलाय की."

"आईला बघायचाय."

तुम्ही हात धुतलेत, पदराला पुसलेत आणि स्वेटर जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून दिलात. तुमची आई आतून म्हणाली, "पोरीला च्या तरी दे." मी थांबले नाही. एवढं एक वाक्य सांगायचं होतं, बाई. ते तोंडाशी आलं होतं. वडिलांची भीती होती हे खरं, पण स्वेटर हातात आल्यावर माझी घाई संपली होती, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या माळवदावर चढून तुमच्या वस्तीतला धूर पाहिला. तुम्ही आईला घेऊन ज्वारीत लपलात, दोघी वाचलात, हे नंतर कळलं. घरात काही उरलं नव्हतं. महिन्याभराने बदलीचे कागद न्यायला तुम्ही शाळेत आलात आणि मला व्हरांड्यात गाठलंत. "स्वेटर नेलास ते लय बरं झालं बघ. न्हाई तर जळाला असता." मी तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिले. तिथे फक्त थकवा होता. तुम्ही वहीच्या कागदावर नांदेडचा पत्ता लिहून दिलात. "गळा जमला न्हाई तर लिही."

गळा मी माझ्या मनानेच विणला. टाके आवळले गेले, भावाचं डोकं त्यातून जाईना. आईने कात्रीने तो कापला आणि स्वेटर दोन हिवाळे चालवला. पुढे विद्यापीठाचं नाव बदललं, त्याच वर्षी तुम्ही गेल्याचं मला बाजारात कोणीतरी सहज सांगितलं.

आता हे कुठे पाठवणार, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण तुम्ही होतात तोवर सगळी वर्षं तो पत्ता माझ्याजवळ होता, बाई. मी साधं एक कार्डही टाकलं नाही.