बोट लागली

२७ ऑगस्ट १९४१, टाकवे
नानांचा निरोप आला म्हणून खंडाळ्याच्या बंगल्यावरचं काम माळ्याच्या गळ्यात घालून आलो. आईचा ताप उतरत नाही. अन्न बंद, पेज दोन घोट. हात इतके वाळलेत की हिरव्या बांगड्या गळून पडतात, म्हणून तिने त्या दोऱ्याने मनगटाला बांधून घेतल्यात. कुंकू मात्र रोजच्या रोज, ठसठशीत.

नाना म्हणजे माझे धाकटे चुलते, बाला ते दादा म्हणतात. ओसरीवर बसवून म्हणाले, "शंकर, आता तरी दादाचं काय त्ये ठरव. पळसाच्या पानांचा पुतळा करू, त्यो जाळू आन् मोकळं व्हऊ. बारा वर्सं मानूस आला न्हाई की करत्यात लोक. आपली दुप्पट झाली."
"आईला विचारा."
"तिला इचारायची माजी छाती न्हाई."
माझी तरी कुठे आहे.

२८ ऑगस्ट
आज आईनेच विषय काढला. "सवाशीण मरनार का रांडाव, येवढं मला सांग. तुजा बा जित्ता आसंल तर हिरव्या लुगड्यात न्या. नसंल तर ह्या बांगड्या माज्या मी फोडीन. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई." आणि लगेच, "पर हायेत त्ये. बोट लागली म्हनलाय न्हवं त्यो मानूस."

ते एक वाक्य! मागच्या लढाईत माझा बा धोंडी सरकारी आगबोटीवर कोळसा टाकायला गेला. मी पाळण्यात. पुढच्या साली लोणावळा ठेसनात कुणी कोकणातला खलाशी गाडीच्या खिडकीतून ओरडला, टाकव्याचं कुणी आहे का म्हणून. आजोबा आणि नाना दुधाच्या घागरी घेऊन फलाटावर उभे होते. तो म्हणाला, धोंडी... बोट लागली. तेवढ्यात गाडी सुटली. आजोबांनी गावात गूळ वाटला. पोरगा दर्या ओलांडून काठाला लागला म्हणून. त्यानंतर ना माणूस ना खबर. त्या गुळाच्या खड्यावर आई आजवर जगली.

१ सप्टेंबर, मुंबई
गोदीजवळच्या कचेरीत. बोटीचं नाव? माहीत नाही. कुठल्या सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, हाताखाली? माहीत नाही. आडनाव लावलं होतं की गाव? तेही नाही. मुलगा म्हणून लाज वाटली. कारकून माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ह्या लढाईत बुडाले त्यांची माणसं बाहेर उभी आहेत, तुम्ही मागची घेऊन आलात." धोंडी नावाचे म्हणे खंडीभर.

आजीची आधीची पोरं जगली नाहीत म्हणून ह्याचं नाव धोंडी. यमाने दगड समजून ओलांडून जावं. कचेरीनेही ओलांडला.

६ सप्टेंबर, खंडाळा

दुपारी बंगल्यावर पाहुणे आले. मोटारीतून एक बाई उतरल्या त्या तोंडाला पदर लावून पायरीवरच बसल्या. मी पाणी नेलं. म्हणाल्या, "काही नाही हो, मला गाडी लागते. घाट चढताना हमखास. लहानपणी रत्नागिरीहून यायचो तेव्हा तर बोट लागायची, आतडी बाहेर पडतील असं व्हायचं."
"बोट लागायची? काठाला?"
त्या हसल्या. "काठाला लागते ती बोट वेगळी. माणसाला बोट लागते म्हणजे ओकाऱ्या. तुमच्याकडे नाही म्हणत?"
नाही म्हणत. आमच्याकडे पाणी म्हणजे वलवणचं धरण. त्याच्या काठी बसून कुणी ओकत नाही.
पेला हातातच राहिला. बाईंनी दोनदा मागितला तेव्हा दिला.

७ सप्टेंबर, टाकवे
आजपासून पितरांचा पंधरवडा जोरात. घरोघर वड्यांचा वास. नानांना गोठ्यात गाठलं.
"त्या खलाशाचे शब्द आठवा. धोंडीची बोट लागली म्हणाला, का धोंडीला?"
"बोट लागली म्हनला."
"ची का ला?"
"ची." मग थांबून, "ला आसंल. आरं, इंजिन फुसफुसत व्हतं. ची. काय फरक पडतोय?"
सांगितलं काय फरक पडतो ते. नाना गव्हाणीच्या कडेवर बसले ते उठेनात. आईने आतून विचारलं, काय चाललंय रं? दोघंही म्हणालो, काही नाही.

९ सप्टेंबर, खंडाळा
त्या बाईंना जाण्याआधी मुद्दाम विचारलं, बोट लागून माणूस मरतो का? म्हणाल्या, छे, जमिनीवर पाय टेकला की बरं वाटतं. मग जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. नुसत्या ओकाऱ्यांसाठी परका माणूस खिडकीतून गावाचं नाव घेऊन ओरडेल? आणि नुसती बोट काठाला लागली म्हणून तरी ओरडेल का?
चूल पेटवायला बसलो आणि तोंडाने ची, ला, ची, ला. माळी बघत राहिला. वेड लागायची वेळ आली आहे. देवा, एक अक्षर. एवढं तरी नीट ऐकू येऊ द्यायचं होतंस.

१४ सप्टेंबर, टाकवे
अहेव नवमी. शेजारी त्यांच्या सवाशीण गेलेल्या सुनेचं पान वाढलं. आई भिंतीला टेकून तो कावळ्याचा घास बाहेर नेताना बघत होती. म्हणाली, "म्होरल्या साली माजं पान नवमीलाच वाढायचं. दुसऱ्या तिथीला वाढलं तर मी शिवनार न्हाई." वर हसली. मला बसवेना.

गोठ्यामागे नाना रडत होते. एवढा दांडगा माणूस.
"आनखी कायतरी बोलला व्हता त्यो. पानी, आसं. पानी मागत व्हता, का पान्यात... आन् गाडी हालली. बाबा माज्याकडं वळून म्हनलं, ऐकलंस न्हवं, बोट लागली! त्येंचं त्वांड आसं फुललेलं. मंग मी बी तेवढंच ऐकलं."
"इतकी वर्षं बोलला नाहीत?"
"कुनाला बोलू? तुज्या आयला?"
असा राग आला की हात उगारला जाईल वाटलं. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि तोही गेला. पोरगेलेसे असतील तेव्हा. बापाचं हसू कोण मोडेल? मी तरी आज आईचं मोडतोय का?
पाणी मागत होता. पाण्यात गेला. पाणी चढलं. पाण्यातून काढला. काहीही बसतं त्या वाक्यात.

२० सप्टेंबर, टाकवे
सर्वपित्री अमावास्या. आईचा आवाज बसलाय. सकाळी मनगट धरलं माझं. त्या दोरा बांधलेल्या हातात एवढा जोर कुठून आला कळेना. ओठांवरून समजलं.
"लागली न्हवं रं, बोट?"
"लागली, आई. बोट लागली."
खोटं नाही बोललो. कसंही धरलं तरी लागलीच होती. तिने डोळे मिटले, अगदी निवांत. मी वही घेऊन बाहेर आलो.

ओसरीवर नानांनी आजोबांचं पान मांडलंय, आजीचं मांडलंय. तिसरी पत्रावळ हातात घेऊन उभे आहेत. दार सताड उघडं, आईच्या अंथरुणावरून ओसरी सरळ दिसते.
"दादाची मांडू?"
मी वहीत डोकं घालून बसलोय. त्यांनी पुन्हा विचारलं. भात निवत चाललाय. कावळे कौलांवर येऊन बसलेत.