उठून उभं राहण्याबद्दल

प्रिय दादा,

"ते उठून उभे राहतील, त्या दिवशीच मी या घरात पाऊल टाकेन," असं तू दारात चपला घालता घालता म्हणाला होतास. कुरिअरवाल्यासाठीही खुर्ची सोडणारे आपले बाबा त्या दिवशी वहिनीसाठी तेवढे जागचे हलले नाहीत. असो. तुला नमस्कार, वहिनीला खूप प्रेम. तिची पाठ आता कशी आहे? तुझा राग कसा आहे ते विचारत नाही. त्याची प्रकृती उत्तमच असणार.

इकडे बाबा पडतात. म्हणजे उठले की पडतात. माझी नोकरी तुला ठाऊक आहेच (माणसांना फळीला बांधून उभं करायची, असं बाबा सगळ्यांना सांगतात). आपण उठलो की रक्त पायांत उतरतं. ते वर ढकला, असा निरोप हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना आतल्या आत जातो, आपल्याला न विचारता. हा निरोप नेणाऱ्या नसांवरच आमचं संशोधन चालतं. आई असताना घर चालायचं ना, तसंच हे. बंद पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. बाबांचे निरोप आता पोचत नाहीत. शेवटी मीच त्यांना आमच्या फळीवर घेतलं. पट्टे आवळले, फळी उभी केली, रक्तदाब घसरू लागला आणि नेमके तेव्हाच आमचे मोठे डॉक्टर आत आले (मोठे हुद्द्याने, वयाने तुझ्याहून लहान). झालं! बाबा पट्ट्यांसकट उठायची धडपड करायला लागले. आधीच उभा केलेला माणूस आणखी किती उठणार? डॉक्टरही गडबडून म्हणाले, "बसा, बसा!" मला हसू फुटलं, पण पडद्यावरची रक्तदाबाची रेघ खाली खाली गेली आणि बाबांची शुद्ध हरपली. फळी आडवी केली. शुद्धीवर येताच बाबांनी पहिलं काम काय केलं, तर डॉक्टरांची माफी मागितली, नीट उठता आलं नाही म्हणून.

आता औषधं आहेत, पायांत घट्ट मोजे आहेत, मीठ जास्त खायचं आहे (जन्मभर आईच्या हातच्या मिठाला नावं ठेवली, त्याची ही शिक्षा). पूर्ण बरं व्हायचं नाही हे. एकदम उठायचं नाही, एवढंच पथ्य, आणि तेवढंच ते पाळत नाहीत.

तुझी,
धाकटी

ता. क. बाकी सगळं ठीक. काळजी करू नकोस.

पुन्हा ता. क. वरची ओळ खोटी आहे. काल दुपारी लवकर घरी आले, तर बाबा दाराकडे तोंड करून, खुर्चीचे हात धरून उठत होते, बसत होते, पुन्हा उठत होते. कपाळावर नवं टेंगूळ. मी ओरडले, तर म्हणाले, "सराव करतोय गं. सूनबाई आली आणि मला जमलंच नाही तर?"

दादा, वहिनीला घेऊन ये. आणि आल्या आल्या, ते उठायच्या आत, तुम्ही दोघं खाली बसाल का? तू नाहीच म्हणशील. तरी विचारते.