शून्य सेकंदातला हात

३ सप्टेंबर
सगळं शून्यात! कारखान्यात आमच्या खात्यातल्या यज्ञेश्वरचा उजवा हात माल वाहणाऱ्या पट्ट्यात गेला, त्या क्षणाच्या नोंदी आज काढल्या. गेलेली वीज आली, पट्टा चालवणारा संगणक उठू लागला. एका लॉगमध्ये ‘पट्टा सुरू’ – वेळ शून्य. दुसऱ्यात ‘बटण चालू’ – वेळ शून्यच. संगणकाचं घड्याळ जागं होण्याआधी जे घडतं, त्या सगळ्यावर तोच शिक्का. आधी काय, नंतर काय – कळेना.

कारखान्याचे शिशिर साहेब म्हणाले, “लॉग साफ है भैया. बटन उसी ने दबाया.” म्हणजे चूक यज्ञेश्वरची. हात गेला, आता नोकरीही.

४ सप्टेंबर
बीरगांवला, दवाखान्यात यज्ञेश्वरला भेटलो. मनगटाखाली नुसती पट्टी.

“मीच दाबलं असन भाऊ. सारेच म्हणून राहिले.”

त्याची बायको, शारदावहिनी, उसळल्या – “काहून? पहिले नमस्कार, मंग बटण! जल्माची सवय हाय तुमची.”

खरं आहे. वीज आली की पट्ट्याला हात लावून कपाळाला लावायचा. आमच्या खात्यात सगळेच करतो.

“हात नाही, अन् बोटं दुखून राहिली,” तो हसला. “मूठ वळते ना भाऊ, आपोआप.”

८ सप्टेंबर
उपाय सापडला. प्रोसेसरचे ठोके पहिल्या क्षणापासून मोजायचे. घड्याळ उठलं की त्यावरून मागच्या वेळा बसवायच्या. गावच्या शाळेत घड्याळ नव्हतं, गुरुजी सावली पाहून सुट्टी देत. घड्याळ नव्हतं म्हणून काळ थांबला नव्हता.

११ सप्टेंबर
रिकाम्या खात्यात वीज बंद करून पुन्हा दिली. जवळ कोणी नाही. पट्टा दचकला, हातभर सरकला, थांबला!

लॉग पाहिला. पट्टा आधी. बटणाची पेटी दीड सेकंदानंतर जागी झाली – आणि जागी होताच ‘चालू’ लिहून मोकळी. कोणी न दाबता. किती वेळ तिथे बसून रामनाम घेतलं, आठवत नाही.

१२ सप्टेंबर
साहेबांना दाखवलं.
“फिर हाथ अंदर क्यों गया?”
“नमस्काराला.”
साहेबांनी कॅलेंडर पाहिलं – “पूजा के दिन मेरे सामने चलाके दिखाओ.”

१७ सप्टेंबर
विश्वकर्मा पूजा. नारळ फुटला, वीज दिली. आणि मला सगळं ठाऊक असून माझा हात सवयीने पट्ट्याकडे गेला – मागून कोणीतरी मनगट घट्ट धरलं. साहेबांच्या डोळ्यांदेखत पट्टा दचकला, थांबला. मी वळलो. मागे कोणी नव्हतं.

मनगटावर अजून पाच बोटांचे वळ आहेत. उजव्या हाताचे.