भोपळ्याला पहिली सुरी

आई,

तुझ्या गोष्टीतली म्हातारी आता विमानानं जाते. हसू नकोस, खरंच जाते. दीड वर्ष झालं, टिळकवाडीतल्या दोन खोल्यांत मी आणि माझे दोन सहकारी संगणकावर तिला चालवतोय, बसवतोय, धापा टाकायला लावतोय. आता तिची फिल्म पूर्ण झाली आहे. उद्या सकाळी ही फिल्म एका मोठ्या महोत्सवाला पाठवायची आहे आणि माझे पाय आज जमिनीवर ठरत नाहीत. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तुला लिहायला बसले. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते आणि अशी चित्रं हलवून कुणाचं पोट भरतं हे मलाही माहीत नव्हतं.

गोष्ट तशी सगळ्यांचीच. म्हातारी लेकीकडे निघते, रानात वाघ अडवतो, ती म्हणते लेकीकडं खाऊन-पिऊन जाडजूड होऊन येते, मग खा. परत निघताना लेक तिला भोपळ्यात बसवते आणि भोपळा वाघासमोरून गडगडत निघून जातो. पण तू सांगायचीस ती गोष्ट जरा निराळी होती, कारण मराठी तू त्या गोष्टीवरच शिकलीस. रबकवीकडून लग्न होऊन वडगावात आलीस तेव्हा तुला फक्त कन्नड येत होतं. मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता आज्जीनं हीच गोष्ट तुला रोज सांगितली आणि तुझ्याकडून म्हणून घेतली. त्या दिवसांत घरात मीठ कुठं आहे ते विचारता येत नव्हतं, पण वाघाशी भांडता येत होतं, असं तूच सांगायचीस. म्हणूनच की काय, तुझा वाघ आल्या आल्या खायची भाषा करत नसे. आधी विचारायचा, "कुठल्या गावची गं तू?" गल्लीतल्या बायका तुला विचारत तसंच, अगदी त्याच सुरात.

मला ती दुपार अजून दिसते. आप्पांचे माग खडखडतायत, शेजारच्याला हाक मारायची तरी ओरडावं लागतंय, आणि तू चरख्यावर कांड्या भरता भरता वाघाचा आवाज काढते आहेस. मी मागावरच्या डिझाइनच्या एका फाटक्या पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला वाघ काढून तुला दाखवते. तू चरखा थांबवतेस. "हसतंय व्हय हे? भुकेलं जनावर हसतंय व्हय गं? पुन्हा काढ." मी रडकुंडीला येते. मग तू उरलेल्या रंगीत सुतांचा एक गुंता माझ्या ओंजळीत टाकतेस, घे, ह्यातलं पिवळं बघ, असं पिवळं काढ म्हणतेस. तो गुंता मी टाकला नाही. फिल्ममधला वाघ त्याच पिवळ्या रंगाचा आहे आणि तो एकदाही हसत नाही.

आणि आपलं स्वयंपाकघर. अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिली सुरी लावायची नाही, भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, हे आज्जीचं ठरलेलं. पुरुषानं एकदा सुरी लावली की मग पुढं बाईनं हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. एके दिवशी आप्पा तुटलेले धागे जोडत मागाशी अडकलेले, चुलीवर फोडणी जळायला आलेली आणि तू भोपळ्यासमोर हात बांधून उभी. मी विचारलं, "मग गोष्टीतल्या लेकीचा भोपळा कुणी कापला? तिचा नवरा तर गोष्टीत न्हायच." तू आधी आज्जी कुठं आहे ते बघितलंस. मग हळूच म्हणालीस, "तिनंच. ती बी त्याच रानातनं आल्ती न्हवं? वाघ बघून आलेली बाई भोपळ्याला भिती व्हय?"

एवढ्यावर माझी सगळी फिल्म उभी आहे, आई. सगळे जण म्हातारीच्या हुशारीचं कौतुक करतात. पण लेक त्या रानातून तिच्या आधी गेलेली आहे आणि वाघानं तिलाही अडवलेलं आहे, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. माझी लेक परदेशातल्या एका गार शहरात हॉस्पिटलात नोकरी करते. वाघ विमानतळावर पासपोर्ट तपासायच्या काचेमागे टाय लावून बसतो आणि प्रत्येकाला गाव विचारतो. म्हातारी लेकीकडं येते, जाडजूड होते, तिचे व्हिसावरचे राहायचे दिवस संपतात. वाघ तिकडं वाट बघत बसलेला. लेक बाजारातून हा एवढा भोपळा उचलून आणते, ओट्यावर ठेवते आणि थांबते. पहिली सुरी लावायला घरात कुणी नाही. जिन्यात येऊन बघते, सगळी दारं बंद. मग ती परत येते आणि सुरी उचलते. तिथं मी संगीत ठेवलेलं नाही, फक्त सुरीचा आवाज. पुढं तो भोपळा सामानाच्या पट्ट्यावरून वाघाच्या नाकासमोरून गोल गोल फिरत जातो, त्यावर तर पोरं हसून हसून खुर्च्यांवरून पडायचीच बाकी राहतात.

पोरं म्हणजे वडगावचीच. गेल्या रविवारी आपल्या गल्लीजवळच्या मंगल कार्यालयात पडदा लावला होता. सुरीचा प्रसंग आला. पुढच्या रांगेत सगळ्या म्हाताऱ्या बसलेल्या. आता ह्या उठून जातात, असं मला वाटलं. मधोमध बसल्या होत्या आपल्या समोरच्या घरातल्या आक्का. तुला गाव विचारून विचारून बेजार करायच्या, त्याच. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "व्हय की. तिकडं कोण हाय तिला सुरी लावायला?" आणि सगळी रांग माना डोलवायला लागली. मी अंधारात तोंडावर पदर घेऊन रडले. आनंदानं.

पण त्याच वेळी एक गोष्ट टोचत होती. सुरीचा तो आवाज माझ्या हातचा नव्हता. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी माझ्यासमोर खरा भोपळा होता, सुरी होती, आणि माझा हात पुढं जाईना. तुझी लेक, ही गोष्ट घेऊन निघालेली, आणि हात जाईना. शेवटी आवाजाचं काम बघणाऱ्या सहकाऱ्याच्या हातात मी सुरी दिली. त्यानं खटकन कापला. कुणाला काही कळलं नाही. आक्कांच्या रांगेनं ज्या आवाजाला मान डोलवली तो एका पुरुषाच्या हातचा होता, आणि हे असंच महोत्सवाला पाठवायचं मला सहन होईना.

म्हणून आज बाजारातून पुन्हा एक भोपळा आणला. सहकारी सुट्टीवर, घरी मी आणि आप्पा. जन्मभर मागाशेजारी काढल्यामुळे आप्पांना आता फार कमी ऐकू येतं, तरी माइक धरायला त्यांनाच बसवलं. मी सुरी उचलली तर त्यांनी सवयीनं हात पुढं केला, "आण हिकडं." मग भोपळ्याकडं बघत राहिले. हात मागं घेतला. म्हणाले, "तुझ्या आईनं लई वाट बघितली माझी. लाव तूच."

मी लावली. साल जाड होती, सुरी अर्ध्यात अडकली, मग अंगाचा सगळा भार टाकला आणि भोपळा उकलला. आप्पा माइक छातीशी धरून विचारत होते, "आला व्हय गं आवाज?" मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, आला, लई चांगला आला. मग तिथंच ओट्याला टेकून दोघं हसत बसलो. फिल्ममध्ये आता तोच आवाज बसवलाय. रात्री भोपळ्याची भाजी आहे.

हे पत्र मी रंगीत सुताच्या गुंत्यासोबत डब्यात ठेवून देईन, पाठवायचं तरी कुठं. एवढं मात्र तुला सांगायला हवं. आप्पांना सांगितलेलं नाही. सुरी लावताना मी डोळे गच्च मिटले होते. आवाजात ते कळत नाही.