राणीच्या अंगावरची इरकल

मंगळ., १२ ऑगस्ट
थिएटरवाली रिबेका परत आली. राणीच्या झग्याला आणलेली चारही कापडं नापसंत. ऑपेरा तीनशे वर्षं जुना म्हणे, इटलीत कुठल्या चर्चच्या कपाटात कागद सापडले. राणीला दुश्मन पकडून नेतो, एवढीच गोष्ट. तर कैदेतली असली तरी राणी दिसली पाहिजे. बोलता बोलता हिची नजर माझ्या शिवणाच्या गॅरेजमधल्या वरच्या फळीवर. नलूकाकूंची जांभळी इरकल. फॉल-पिकोला दिलेली, दीड वर्ष पडून. रि. म्हणे, धिस वन. गिऱ्हाइकाची आहे म्हटलं. "पण कोणी नेत नाही ना?"

बुध., १३
कापली. टोपपदराची चोळी, बाकीचा घेर. साडीला टाचलेली नावाची चिठ्ठी आधी काढून फेकली, नाव वाचत बसले असते तर हात चालला नसता. पुण्याला जाताना नलूकाकू म्हणाल्या होत्या, "घाई नाही गं, पुढच्या खेपेला आले की नेईन." ती खेप झालीच नाही, तिकडेच वारल्या. आता कोण मागायला येतंय, असं मनाला समजावलं.

शुक्र., २२
पहिला खेळ. रि.ने तिकीट दिलं. राणी हात बांधलेली, जमिनीवर बसून गाते. एक ओळ धरली की सोडत नाही, तीच तीच. भजनातसुद्धा माणसं पुढे सरकतात. पण टोपपदराच्या चोळीवर उजेड पडला आणि शेजारची गोरी बाई म्हणाली, लवली ड्रेस. मी शिवला, म्हटलं. वर मान करून.

शनि., २३
फ्लॅट बुश उपनगरातून मंजिरी आली, नलूकाकूंची मुलगी. आईच्या पर्समध्ये माझ्या हातची पावती सापडली तिला. पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध, त्या दिवशी नेसायचीय. "बाकीच्या साड्या मावश्यांनी वाटून नेल्या, ताई. माझ्या वाट्याला एवढीच राहिली." बघते म्हटलं, ढिगात असेल. मशीनवरून डोकं उचललं नाही. करंज्या आणल्या होत्या माझ्यासाठी. घेतल्या मी. घेतल्याच.

सोम., २५
मंजिरीचे दोन मेसेज. मिळाली का? उत्तर नाही दिलं. तशीच जांभळी कुठे मिळते का म्हणून नेटवर शोधत बसले. लाज वाटते लिहायला, पण शोधली. लेकीने मागून बघितलं. "ममी, जस्ट टेल हर." तुझं काय जातंय बोलायला, म्हणून तिच्यावरच खेकसले. रि.ला फोन केला, झगा उसवून परत साडी होईल का. घेराच्या सोळा कळ्या मीच कापल्यात आणि विचारतेय तिला.

गुरु., २८
मंजिरीकडे गेले. दारातच सांगितलं, ऑपेरातल्या राणीच्या झग्यासाठी साडी कापली म्हणून, चपला न काढता. चिठ्ठी काढून फेकली तेही.
"कापताना आई आठवली होती?"
हो म्हटलं. नाही म्हणता आलं असतं.
 मग तिने विचारलं, "ती बाई गाते कशी?"
मला गाण्यातलं काय कळतं. म्हटलं, हात बांधलेत, पण मान खाली घालत नाही.
उरलेला काठ पुढे केला. तिने हात लावला नाही. शनिवारी शेवटचा खेळ आहे, त्याचं तिकीट मागितलं. एकच.
"तुमच्या शेजारचं नको," म्हणाली.